शेजारच्या बाकावर कोण बसते?



गेले दीड-दोन महिने आपल्या धर्मग्रामाच्या कार्यालयाबाहेर सकाळी जी गर्दी दिसत होती, ती आता ओसरली आहे. दहावी-बारावीचे निकाल लागले, की आमच्याकडे दोन कागदांची मागणी वाढते. एक बाप्तिस्म्याचा दाखला आणि दुसरे शिफारसपत्र. 'हा विद्यार्थी आमच्या धर्मग्रामाचा असून त्याची वर्तणूक चांगली आहे' असे लिहून आम्ही सही-शिक्का देतो. अल्पसंख्याक कोट्यातून कॅथलिक कॉलेजात प्रवेश मिळाला, की घरची मंडळी पेढे घेऊन येतात. (पेढ्यांबद्दल आमची तक्रार नाही. तक्रार आमच्या डॉक्टरांची आहे.)

प्रवेश मिळाल्यानंतर त्या मुलाचे पुढे काय होते, हे मात्र आम्ही सहसा विचारीत नाही. मूल कॉलेजात गेले, कॉलेज आपल्याच लोकांचे आहे, भिंतीवर क्रूस आहे, दिवसाची सुरुवात प्रार्थनेने होते, म्हणजे आपली काळजी मिटली, असे आम्ही धरून चाललो होतो. एका पत्राने हा समज मोडला. त्याविषयी आज लिहायचे आहे.

गेल्या वर्षी उपवासकाळाच्या सुमारास सकाळची मिस्सा संपल्यावर एक माता कार्यालयात आली. हातात कॉलेजचे पत्र होते. "फादर, एवढं वाचून सांगा. पोरगा म्हणतो फीची पावती आहे. पण पावतीवर एवढं लिहीत नाहीत." पत्र इंग्रजीत होते. आपल्या पाल्याची हजेरी पंचाहत्तर टक्क्यांच्या खूपच खाली गेली असून पालकांनी भेटल्याशिवाय त्याला परीक्षेला बसता येणार नाही, असा मजकूर होता. आम्ही तो मराठीत सांगितला. ती म्हणाली, "पण तो रोज सकाळी डबा घेऊन जातो, फादर. डबा रिकामा परत येतो."

(हे सर्व त्या मुलाला आणि त्याच्या आईला विचारून लिहीत आहोत. ओळख पटू नये म्हणून एक-दोन गोष्टी बदलल्या आहेत. तेव्हा कृपा करून मिस्सेनंतर आवारात उभे राहून अंदाज बांधू नयेत.)

मुलगा कुठे जातो हे आम्हाला वेदीसेवकांनी सांगितले. मुलांना सगळे ठाऊक असते, फक्त त्यांना कोणी विचारीत नाही. तो वसईच्या किल्ल्यात जाऊन बसत असे. डबा तिथेच खात असे. एका दुपारी आम्ही स्कूटर काढून गेलो. येशूसंघीयांच्या जुन्या चर्चच्या अंगाला, सावलीत, दप्तर उशाला घेऊन तो पडला होता. आपणापैकी पुष्कळांना माहीत आहे, की त्या चर्चला लागून येशूसंघीयांचे कॉलेज होते. आपल्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया लहानपणी त्याच येशूसंघीयांकडे शिकले. आमच्या डोक्यात हे आले, पण त्या वेळी बोललो नाही. उपाशी माणसाला इतिहास सांगू नये.

पुष्कळ वेळ तो गप्प होता. मग म्हणाला, "फादर, वर्गात सगळं कळतं असं तोंड करून बसावं लागतं. ते करून करून दमायला होतं."

दहावीपर्यंत तो मराठी माध्यमात शिकला. अकरावी कॉमर्सला आल्यावर हिशेबापासून अर्थशास्त्रापर्यंत सर्व इंग्रजीत. पहिल्याच आठवड्यात बाईंनी त्याला काही विचारले, त्याने मराठीतून उत्तर दिले. उत्तर बरोबर होते. बाई रागावल्या नाहीत. पण मागून कोणीतरी हसले. "कोण हसलं?" असे आम्ही विचारल्यावर त्याने मान खाली घातली. बऱ्याच वेळाने जे नाव सांगितले ते आपल्याच धर्मग्रामातील मुलाचे होते. दोघांच्या घरांमध्ये एक बांध. दोघे मिळून चार वर्षे वेदीसेवक. सणाच्या मिस्सेला एकाच्या हातात धूपदान, तर दुसऱ्याच्या हातात धुपाचा डबा. एक इंग्रजी शाळेत गेला, दुसरा मराठी, एवढाच फरक. "तो हसला ते ठीक आहे, फादर. पण मधल्या सुट्टीत त्यानं ओळखच दाखवली नाही."

त्या दुसऱ्या मुलालाही आम्ही बोलावले. तो म्हणाला, "मी हसलो नाही. पण मी त्याच्याजवळ जाऊन बसलो असतो तर मलाही..." वाक्य त्याने पुरे केले नाही. आम्ही त्याच्यावर रागावू शकलो नाही. का, ते पुढे सांगतो.

प्राचार्यांना आम्ही भेटलो. त्यांनी सहानुभूतीने ऐकून घेतले, पण वर्ष गेले ते गेलेच. या जूनपासून तो मुलगा पुन्हा अकरावीतच, वयाने लहान मुलांबरोबर बसत आहे. पहिल्या दिवशी जाण्यापूर्वी तो आमच्याकडे आशीर्वादासाठी आला. आशीर्वाद दिला आणि त्याला एका विद्यार्थ्याची गोष्ट सांगितली. तीच आता आपणा सर्वांना सांगत आहोत, कारण येत्या ३१ जुलैला त्या विद्यार्थ्याचा सण आहे.

संत इग्नेशियस लोयोला म्हटले, की आपल्या डोळ्यांसमोर सैनिक येतो. १५२१ साली पांपलोनाच्या लढाईत तोफेचा गोळा लागून पाय मोडला, अंथरुणावर पडल्या पडल्या ख्रिस्तचरित्र आणि संतचरित्रे वाचली, आणि माणूस बदलला. धर्मशिक्षणाच्या वर्गात एवढे सांगून आपण थांबतो आणि एकदम येशूसंघाच्या स्थापनेवर येतो. मधली दहा-बारा वर्षे हा माणूस विद्यार्थी होता, आणि फार हुशार विद्यार्थी होता असेही नाही. लोकांच्या उपयोगी पडायचे तर शिकले पाहिजे, हे ठरवून त्याने बार्सिलोनात लॅटिन शिकायला सुरुवात केली तेव्हा त्याचे वय तेहतीसच्या आसपास होते. बाकावर बाजूला शाळकरी पोरे. पुढे आल्काला आणि सालामांका येथे शिकला. पण लोकांना अध्यात्म सांगत फिरतो म्हणून दोन्ही ठिकाणी चौकशा झाल्या, दोन्ही ठिकाणी तुरुंग पाहिला. शेवटी एका लहानशा गाढवावर पुस्तके लादून त्याने सालामांका सोडले, आणि बार्सिलोनाहून एकटा, पायी, फेब्रुवारी १५२८ मध्ये पॅरिसला पोहोचला.

त्या काळचे पॅरिस विद्यापीठ म्हणजे एक मोठी इमारत नव्हे. पन्नासेक लहान-मोठी कॉलेजे दाटीवाटीने उभी होती. शिक्षक आणि विद्यार्थी एकाच छपराखाली राहत, पहाटे चारला घंटा होई, पाचला पहिला तास, आणि बोलायचे ते लॅटिनमध्ये. इग्नेशियसच्या लक्षात आले, की घाईघाईने शिकल्यामुळे आपला पायाच कच्चा आहे. तेव्हा माँतेग्यू नावाच्या कॉलेजात तो पुन्हा लॅटिनच्या खालच्या वर्गात जाऊन बसला. वय छत्तीस-सदतीस, सोबत पुन्हा लहान मुले. आपल्या त्या मुलाला आम्ही एवढेच म्हणालो, "तू तर एकच वर्ष मोठा आहेस."

आता त्याची अडचण पाहा. बार्सिलोनाच्या हितचिंतकांनी त्याला वर्षाच्या खर्चासाठी पंचवीस सुवर्णनाण्यांची हुंडी दिली होती. पैसे जवळ ठेवायची त्याला सवय नव्हती, म्हणून ते त्याने बरोबर राहणाऱ्या एका स्पॅनिश विद्यार्थ्याकडे सांभाळायला दिले. त्या विद्यार्थ्याने ते खर्च करून टाकले. परत करायला त्याच्याकडे काही नव्हते. काही आठवड्यांतच इग्नेशियस रस्त्यावर आला. सेंट जेम्सच्या नावाने यात्रेकरूंसाठी एक धर्मशाळा होती, तिथे राहू लागला. पण धर्मशाळा कॉलेजपासून दूर. तिचे दार उजाडल्यावर उघडे आणि संध्याकाळच्या घंटेला बंद होई. तास मात्र उजाडण्याआधीच सुरू होत. म्हणजे रोज पहिला तास बुडायचा. कोणा मास्तरांच्या घरी नोकर म्हणून राहावे आणि शिकावे, असेही त्याने पाहिले, पण कोणी ठेवून घेईना. पुढे एका धर्मबंधूच्या सल्ल्यावरून सुट्टीत तो फ्लँडर्सला जाऊ लागला. तिथल्या स्पॅनिश व्यापाऱ्यांकडे हात पसरून वर्षाची बेगमी करून परत येई. आज आपल्या घरांत जो संत चौकटीत आहे, तो फी भरायला पैसे नाहीत म्हणून भीक मागणारा, हजेरी कमी भरणारा विद्यार्थी होता.

१५२९ च्या ऑक्टोबरात तो सँत बार्ब कॉलेजात आला. माँतेग्यूच्या समोरच, मधे एक अरुंद गल्ली. त्याला जी खोली मिळाली तिच्यात दोन विद्यार्थी आधीपासून राहत होते. दोघेही तेवीस वर्षांचे, दोघांचा जन्म १५०६ च्या एप्रिलमधला, सहा दिवसांच्या अंतराचा. एक पीटर फेबर, सव्हॉयच्या डोंगरातला शेतकऱ्याचा मुलगा. लहानपणी मेंढरे राखायचा. शाळेत जाऊ द्या म्हणून रडायचा. दुसरा नवाराच्या वाड्यातला सरदारपुत्र, उंच उड्या मारण्यात पटाईत, मोठ्या पदाची स्वप्ने पाहणारा. त्याचे नाव फ्रान्सिस झेवियर. होय, तेच. २०२४-२५ च्या प्रदर्शनात ज्यांच्या पवित्र अवशेषांच्या दर्शनासाठी आपण रांगा लावल्या, ते संत झेवियर त्या खोलीत एक विद्यार्थी होते. खोलीत आलेल्या या लंगड्या, प्रौढ, गबाळ्या सोबत्याची ते टिंगल करीत.

शिक्षक होते पेन्या. त्यांनी फेबरला सांगितले, की या नव्या विद्यार्थ्याला तू ॲरिस्टॉटल समजावून दे. खोलीचा खरा इतिहास इथून सुरू होतो. फेबर अभ्यासात तरबेज होता, पण मनाने फार हळवा. आपली पापे खरोखर क्षमा झाली का, आपण योग्य आहोत का, अशा शंकांनी त्याला झोप लागत नसे, आणि हे तो कोणाला सांगू शकत नव्हता. इग्नेशियसला ॲरिस्टॉटल कळत नव्हता, पण असल्या अंधारातून तो स्वतः गेला होता. रात्री एक जण दुसऱ्याला तर्कशास्त्र शिकवी, आणि तो दुसरा पहिल्याला देवाच्या दयेवर विश्वास ठेवायला शिकवी. त्या दोघांत शिक्षक कोण आणि विद्यार्थी कोण, हे सांगणे अवघड आहे. फेबरने पुढे आपल्या आठवणींच्या वहीत परमेश्वराचे उपकार मोजले तेव्हा त्या खोलीचा, त्या एका टेबलाचा आणि तिघांत एकच असलेल्या पैशाच्या थैलीचाही उल्लेख केला. १ ऑगस्ट १५४६ रोजी तो रोममध्ये मरण पावला. पोप फ्रान्सिस यांनी २०१३ साली त्याला संत घोषित केले. म्हणजे त्या एका खोलीतले तिघेही आज वेदीवर आहेत.

झेवियरला जिंकायला मात्र चार वर्षे लागली. आपण मळलेली सर्वात घट्ट कणीक ती हीच, असे इग्नेशियस नंतर म्हणाल्याचे त्यांचे सोबती सांगत. इग्नेशियसने त्याला फारसे प्रवचन दिले नाही. झेवियर दुसऱ्या कॉलेजात शिकवू लागला तेव्हा त्याच्या वर्गाला विद्यार्थी मिळवून दिले, पैशांची नड भागवली. आणि अधूनमधून तो एकच प्रश्न विचारला, जो प्रभूने शिष्यांना विचारला होता: सगळे जग कमावले आणि स्वतःला गमावले, तर उपयोग काय?

आम्ही सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकलो म्हणून एक गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही. ज्या ॲरिस्टॉटलपाशी इग्नेशियस अडखळत होता, त्याचा नीतिशास्त्रावरचा ग्रंथ दहा भागांचा आहे आणि त्यातले दोन संपूर्ण भाग मैत्रीवर आहेत. न्यायाला एक भाग, मैत्रीला दोन. सेमिनरीत असताना आम्हाला याचे नवल वाटले नव्हते. परीक्षेला न्यायावरचा प्रश्न हमखास येई.

कॉलेज कॅथलिक कशाने होते? भिंतीवरच्या क्रूसाने होते, याबद्दल आमच्या मनात शंका नाही. तो क्रूस तिथे राहावा म्हणून आपल्या पूर्वजांनी घाम गाळला आहे. पण मार्कच्या शुभवर्तमानातील दुसरा अध्याय काढून पाहा. पक्षाघात झालेल्या माणसाला चौघांनी उचलून आणले, गर्दीमुळे दारातून जाता येईना म्हणून छप्पर उघडले आणि त्याला बाजेसकट खाली सोडले. प्रभूने त्या पडलेल्या माणसाला तुझी श्रद्धा किती, असे विचारले नाही. त्याने उचलून आणणाऱ्यांची श्रद्धा पाहिली. आपल्या कॉलेजांच्या वर्गात पक्षाघात झालेली मुले बसलेली असतात. त्यांची जीभ लुळी पडलेली असते. बाकाची दोन्ही टोके रिकामी असतात. छप्पर उघडणे राहू द्या, मधल्या सुट्टीत जवळ जाऊन डबा उघडणारेही कोणी नसते.

आता आमच्याविषयी.

आम्ही त्या इंग्रजी शाळेच्या मुलावर रागावू शकलो नाही, त्याचे कारण आहे. आम्हीही मराठी शाळेतले. सेमिनरी म्हणजे तरी काय, एक लहानसे कॅथलिक कॉलेजच. आमच्या वर्गात अकरा जण होते. तर्कशास्त्राचा पहिला तास आम्हाला अजून आठवतो. इंग्रजी शब्द कानांवर येत होते, ते आम्ही वहीत देवनागरीत उतरवून घेत होतो, आणि सगळे कळते असे तोंड करून बसलो होतो. पंधरा दिवसांनी घरी पत्र लिहायला घेतले, की मला घेऊन जा. ते पत्र आमच्या शेजारी बसणाऱ्याने पाहिले. तोही वसईचाच, शेजारच्या गावचा. म्हणाला, "टाकू नकोस ते पत्र. रात्री जिन्याखाली ये."

अभ्यासिकेतले दिवे रात्री दहाला बंद होत. जिन्याखाली एक चाळीसचा बल्ब रात्रभर जळत असे. तिथे, केरसुण्या आणि बादल्यांच्या शेजारी बसून, त्याने आम्हाला तत्त्वज्ञान शिकवले. तेही आपल्या बोलीत. ॲरिस्टॉटलने प्रत्येक वस्तूची चार कारणे सांगितली आहेत. ती चार इंग्रजी नावे आम्ही महिनाभर घोकत होतो आणि काही केल्या डोक्यात शिरत नव्हती. तो म्हणाला, "तुमच्या विहिरीवर रहाट होता ना? तो कशाचा? लाकडाचा. हे पहिलं कारण. नुसतं लाकूड म्हणजे रहाट नाही, त्याला चाकाचा आकार पाहिजे. हे दुसरं. तो केला कोणी? सुताराने. तिसरं. आणि कशासाठी? वाडीला पाणी पाहिजे म्हणून. झाली चार." त्यानंतर आम्हाला तत्त्वज्ञानाची भीती वाटली नाही. तोंडी परीक्षेत आमच्या प्राध्यापकांनी, जे परदेशात शिकून आलेले विद्वान होते, आम्हाला हाच प्रश्न विचारला आणि आम्ही रहाटाचेच उदाहरण दिले. ते खूश झाले. उदाहरण कोणाचे, हे आम्ही सांगितले नाही.

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी त्याने सेमिनरी सोडली. का सोडली ते त्याचे त्याला. वरिष्ठांशी बोलून, प्रार्थना करून, सरळ मनाने घेतलेला निर्णय होता एवढे आम्हाला माहीत आहे. सकाळच्या न्याहारीला त्याची खुर्ची रिकामी होती, आम्ही सरकून बसलो आणि अकराचे दहा झालो.

आपल्या वसईत नवा धर्मगुरू झाला, की काय होते ते आपण जाणता. मांडव, बँड, सारा गाव जेवायला, आई-वडिलांचा सत्कार. सेमिनरी सोडून मुलगा घरी आला, की काय होते तेही आपण जाणता. आम्ही दोष देत नाही, कारण सर्वात जास्त दोष आमचा आहे. त्याची आई मिस्सेला पुढच्या बाकावर बसायची, ती मागे बसू लागली, असे आम्हाला कोणीतरी सांगितले. आम्ही "अरेरे" म्हणालो आणि पुस्तकात डोके घातले. आमच्या गुरुदीक्षेची पत्रिका त्याला पोस्टाने पाठवली. तो आला होता. मांडवाच्या शेवटच्या खांबाजवळ उभा होता. आम्हाला लोकांनी वेढले होते. तो जेवून निघून गेला. त्यानंतर जवळजवळ वीस वर्षे त्याच्या गावावरून आम्ही जात-येत होतो. स्कूटरने पंचवीस मिनिटे.

इग्नेशियसच्या आयुष्यातली एक गोष्ट वर मुद्दाम ठेवून दिली होती. ज्या स्पॅनिश विद्यार्थ्याने त्याचे पैसे उडवले, तो काही काळाने मायदेशी जायला निघाला आणि जहाजाची वाट पाहत असताना रुआँ शहरात आजारी पडला. तिथून त्याने इग्नेशियसलाच कळवले. ज्याच्यामुळे भीक मागावी लागली, त्याने! इग्नेशियस जायला निघाला. पॅरिसपासून रुआँ सव्वाशे किलोमीटरच्या वर. अनवाणी, अन्नपाण्यावाचून जायचे ठरवले. सकाळी उठून कपडे घालताना इतकी भीती वाटली, की कपडे घालवेनात, हे त्याने स्वतः सांगून ठेवले आहे. शहर सोडून आर्जाँतैय गावापर्यंत येईतो मनावरचे ओझे गेले नव्हते. तिथून पुढे चढ चढताना मन एकाएकी हलके झाले, आणि तो उघड्या रानातून मोठमोठ्याने परमेश्वराशी बोलत चालला. पहिली रात्र एका इस्पितळात भिकाऱ्याबरोबर, दुसरी गवताच्या गंजीत. तिसऱ्या दिवशी पोहोचला. आजाऱ्याला धीर दिला, जहाजात बसवून दिले, आणि स्पेनमधल्या आपल्या मित्रांच्या नावे चिठ्ठ्या दिल्या, की याला मदत करा.

आम्ही ही गोष्ट निदान दहा वेळा प्रवचनात सांगितली आहे. या वर्षी ती त्या अकरावीच्या मुलाला कार्यालयात सांगत होतो. त्याने विचारले, "फादर, तुमचा शेजारी कोण होता?"

मुलांना असले प्रश्न सुचतात.

मागच्या पंधरवड्यात एका रविवारी संध्याकाळी आम्ही गेलो. भर पावसात. कपडे घालवेनात इतकी भीती वाटली असे म्हणणार नाही, पण स्कूटर दोनदा आवारातून बाहेर काढून पुन्हा आत लावली हे आमच्या सेक्रिस्टनने पाहिले आहे. तो वालीवकडे एका प्लास्टिकच्या कारखान्यात सुपरवायझर आहे. केस पिकले आहेत. त्याची पत्नी चहा घेऊन आली, मुलीने येऊन आशीर्वाद मागितला. तो आम्हाला 'फादर' म्हणत होता, 'तुम्ही' म्हणत होता, आणि प्रत्येक वेळी आम्हाला काहीतरी टोचत होते. पावसावर बोललो, केळीच्या भावावर बोललो. त्याची आई दोन वर्षांपूर्वी गेली. आम्हाला कळले नव्हते. आम्ही क्षमा मागितली. ती कशी मागितली ते इथे लिहीत नाही, नीट मागता आली नाही.

मग त्या मुलाचे सांगितले. किल्ल्यातले, हजेरीच्या पत्राचे, तोंड करून बसण्याचे. तो ऐकत राहिला. आठवड्यातून एकदा येऊन आपल्या मराठी माध्यमाच्या मुलांना तू शिकवशील का, असे विचारले. तो म्हणाला, "मला आता काय येतंय, फादर." आम्ही म्हणालो, रहाट तरी येतो. आणि चारही कारणे क्रमाने म्हणून दाखवली. लाकूड, सुतार, आकार, पाणी.

"चुकलास," तो म्हणाला. "आकार आधी. सुतार मग."

त्याने अजून हो म्हटलेले नाही. पुढच्या महिन्याच्या पाळ्या लागल्या, की सांगतो म्हणाला. तोवर येत्या मंगळवारपासून धर्मग्रामाच्या सभागृहाची मागची खोली रोज संध्याकाळी सात ते नऊ अभ्यासासाठी उघडी राहील. तीन टेबले आहेत, खुर्च्या कमी पडतील, ज्यांच्या घरी जादा असतील त्यांनी आणून द्याव्यात. अकरावीच्या त्या मुलाने येतो म्हटले आहे. बांधापलीकडच्या मुलालाही आम्ही सांगितले आहे, तो काही बोलला नाही. दोघांच्या आईवडिलांना विनंती, की त्यांना आपण होऊन काही सांगू नये.

प्रभूमध्ये आपले,
प्रमुख धर्मगुरू